दोन ठोके

हे लिहायचंच नाही असं त्याने जवळजवळ ठरवून टाकलं होतं. लिहून काय होणार होतं? गेलेलं बोट उगवणार होतं? शिवाय लिहिण्याची सवय कुणाला होती. जे काही तो शिकला ते व्हिडिओ बघून, मोडून, परत जोडून आणि टायरच्या दुकानात शिव्या खाऊन. पण त्या दुपारचं काही केल्या डोक्यातून जाईना, आणि ते जात नाही तोवर राग जाईना, म्हणून शेवटी मोबाइलवर अंगठे बडवत त्याने ते उतरवायला घेतलं. स्वतःला ‘तो’ म्हणून. ‘मी’ म्हटलं की पुढचं वाक्यच सुचत नव्हतं.

झालं होतं एवढंच. बस आली, दार उघडलं, फुस्स. आणि दांडी धरायला पुढे केलेला त्याचा उजवा हात विस्तवाला लागल्यासारखा मागे आला, थेट छातीशी. मागची बाई म्हणाली, "चढ ना रे बाबा, मुहूर्त काढतोयस का?" दोघंतिघं हसले. तो चढला, शेवटच्या सीटवर जाऊन बसला, आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाईवर नाही. दारावर. दाराच्या वर झाकणाखाली जो हवेचा सिलिंडर असतो त्याच्यावर. तो कुठे बसवलेला असतो, किती लांब असतो, आत हवा सोडली की दांडा किती बाहेर येतो, हे त्याला पाठ होतं, आणि पाठ असल्याचाच राग आला होता. पुढच्या थांब्यावर परत फुस्स. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. शाळेत बाई शिक्षा करायच्या तसे. खिशात फोन होता आणि फोनमध्ये बोक्याचा सकाळचा निरोप होता: ‘दुपारी ये. एक विचारायचंय. फोनवर नको.’ काय विचारायचंय ते त्याला माहीत होतं. सहा आठवडे माहीत होतं. सहा आठवडे तो या निरोपाची वाट बघत होता आणि देवाला म्हणत होता की येऊ नये, आणि आता आला होता तर बोक्याचाच राग येत होता. पडून राहा ना गप. बरा हो. कशाला खाजवतोस?

त्यांचा पहिला सिलिंडर असल्याच एका बसच्या दारातला होता. भंगारवाल्याने मोडीत काढलेल्या बसचं दार उभं करून ठेवलं होतं आणि बोका म्हणाला होता, "हे बघ, रोज हजार माणसांना आत-बाहेर करणारं यंत्र. आपल्याला फक्त एकालाच उडवायचंय." बोका म्हणजे त्याचा मित्र, लहानपणापासूनचा. कितीही उंचावरून पडला तरी पायांवर उतरायचा म्हणून बोका. गेट आणि जाळ्या बनवायच्या कारखान्यात वेल्डर होता, आणि वेल्डिंगचा डाग असा मारायचा की लोखंडावर कुणी हळूच बोट फिरवल्यासारखा दिसायचा. यंत्रांची कुस्ती बघायचं वेड आधी त्याचंच. काचेच्या पिंजऱ्यात दोन यंत्रं सोडायची, बाहेरून रिमोटवर चालवायची, आणि एकाने दुसऱ्याला उलथं पाडायचं, बंद पाडायचं, तीन मिनिटांत. कुणी फिरतं पातं लावतं, कुणी हातोडा. या दोघांनी ठरवलं झाकण. पुढून फावड्यासारखं पातळ, दुसऱ्याच्या खाली घुसायचं आणि झाकण वर फेकायचं. बोक्याने त्याचं नाव ठेवलं उलथणं. पहिल्यांदा हवा सोडली तेव्हा झाकण असं वर आलं जसा एखादा म्हातारा गुडघ्यावर हात ठेवून खुर्चीतून उठतो. दोघं पोट धरून हसले. मग तो आठवडाभर त्यामागे लागला. दाब वाढवून काही होत नव्हतं. टायरच्या दुकानात दिवसभर हवा भरता भरता एकदम त्याच्या लक्षात आलं की हवा जोरात असून उपयोग नाही, ती लवकर पोचली पाहिजे. बाटलीत पाणी कितीही असो, तोंड अरुंद असेल तर टपटपच पडणार. त्याने नळी जाड केली, झडप मोठी केली, टाकी सिलिंडरच्या अगदी पोटाशी आणली. झाकणाने तीस किलोचं लोखंड गुडघ्याएवढं उडवलं. कुणी शिकवलं नव्हतं. कुठल्या पुस्तकात त्याने वाचलं नव्हतं. त्या दिवशी त्याला असं वाटलं होतं की आपल्याला कुणाच्या बापाची गरज नाही.

ते काम करायचे टायरच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, आणि तिथे शेजारीच मोठा कॉम्प्रेसर धडधडत असायचा. कानात बोळा घातल्यासारखं व्हायचं. ओरडून ओरडून घसा बसायचा. म्हणून ठोके. पान्याने झाकणावर एक ठोका: हात काढ. दोन ठोके: हवा गेली, दाबाचा काटा शून्यावर, हात घाल. ठोकणार तो, कारण काट्यापाशी तो असायचा. हात घालणार बोका, कारण लोखंडाचं सगळं बोक्याकडे. वर्षभर हे इतकं अंगवळणी पडलं की बोका मान वर करून बघायचाही नाही. दोन ठोके, की हात आत. रस्त्यावर भेटला तरी बोका त्याच्या पाठीवर दोन ठोके मारायचा. चल, घाल हात, जेवायला.

स्प्रिंगची कल्पना त्याची स्वतःची. हे तो कुणालाही सांगायचा, अगदी विचारलं नाही तरी. नुसत्या हवेने झाकण उडायचं, पण पहिल्या क्षणाला अडखळायचं. हवा येऊन दाब बसेपर्यंत समोरचा पळून जायचा. तर मोटारसायकलच्या मागच्या चाकाच्या दोन जाड स्प्रिंगा झाकणाखाली उभ्या करायच्या. हवेनेच झाकण खाली ओढायचं, स्प्रिंगा दाबून बसवायच्या, एक आकडा अडकवायचा. बटण दाबलं की आकडा सुटणार आणि हवा वर ढकलणार, दोन्ही एकदम. स्प्रिंग दणका देणार, हवा ढकलत नेणार. कागदावर काढलं तेव्हाच त्याला हसू फुटलं होतं. बोका मात्र कागदाकडे बघत राहिला. म्हणाला, "हवा निदान काट्यावर दिसते. स्प्रिंग कुठे दिसते?"

"दिसायला काय ती तुझी होणारी बायको आहे?"

"मस्करी नको. हवा सोडली की ते मेलेलं असतं. यात हवा सोडली तरी ते जिवंत. एवढ्याशा आकड्यावर."

"म्हणून खीळ ठेवतोय ना. आडवी खीळ. ती घातली की झाकण हलणार नाही. तू खीळ घालायची, मी बघायची, मग ठोकायचं. झालं?"

"झालं म्हणजे झालं. पण मला पटत नाही."

"तुला काय कळतं त्यातलं? तू डाग मारायचं बघ."

हे शेवटचं वाक्य बसमध्ये त्याच्या छातीत येऊन बसलं. पोरंटोरं म्हणतात तसं सहज म्हटलेलं, पण सहज नव्हतं. हेच वाक्य त्याला लोकांनी किती वेळा ऐकवलं होतं. तुला काय कळतं, तू टायर बघ. वीस वर्षं ऐकलेलं त्याने उचलून जसंच्या तसं बोक्याला दिलं होतं. दुसऱ्या दिवशी बोक्याने खीळ बनवून आणली, वर लाल रंग दिलेला, आणि दोन्ही बाजूच्या पत्र्यांना भोकं इतकी नीट पाडलेली की खीळ आत जाताना आवाजसुद्धा नाही.

बस एका सिग्नलला थांबली होती. शेजारच्या माणसाने विचारलं, "बरं वाटत नाही का?" तो म्हणाला, "बरं आहे." माणूस म्हणाला, "दात खाताय म्हणून विचारलं." त्याने तोंड फिरवलं. बाहेर एका घराच्या गेटवर डागांची ओळ दिसत होती, वेडीवाकडी, फोडांसारखी. कुणा शिकाऊचं काम. बोका असता तर त्याने बसमधूनच शिवी घातली असती. बोका असता तर! आणि बोका काय मेलाय? बोका घरी बसलाय, पाच थांब्यांवर, अंगठ्याशेजारचं बोट पहिल्या पेरापर्यंत उरलेलं आणि मधलं बोट लाकडासारखं सरळ.

सहा आठवड्यांपूर्वीचा तो स्पर्धेचा हॉल. पंखे, भोंगे, टेबलांच्या रांगा, शेजारच्या टेबलावर एकसारखे शर्ट घातलेली इंजिनिअरिंगची पोरं. पहिली कुस्ती ते हरले. उलथणं समोरच्याच्या खाली बरोबर घुसलं, त्याने बटण दाबलं, आणि काहीच झालं नाही. परत दाबलं. आकडा अडकला होता. समोरच्याने त्यांना ढकलत ढकलत भिंतीला नेऊन चिकटवलं, आणि तीन मिनिटं झाली. हरलेल्यांचीही एक फेरी होती, पाऊण तासात. टेबलावर यंत्र आणून ठेवलं तर बोका म्हणाला, "तुझी स्प्रिंग रुसली वाटतं. जावईबापूंसारखी. हार-तुरे घेऊन जाऊ का?" बोक्याने नेहमीसारखंच म्हटलं होतं. पण शेजारची पोरं हसली. एकजण म्हणाला, "स्प्रिंगचा हिशोब केला होता का दादा, की अंदाजपंचे?" आणि त्याचं डोकं सटकलं. हिशोब त्याने केला नव्हता. त्याला तो येत नव्हता. त्याने हवा सोडायची झडप पिळून उघडली, फुस्स, काटा शून्यावर आला, आणि त्याने पाना उचलून झाकणावर मारला. दोनदा.

इथून पुढे सहा आठवडे त्याने स्वतःशी वकिली केली होती. तो ठोका नव्हताच, तो राग होता. टेबलावर मूठ आपटतात तसा. दोनदा आपटला तो योगायोग. आणि खीळ घालणं तर बोक्याचं काम होतं, ठरलेलं. ती टेबलावर फडक्याखाली पडली होती, बोक्याच्या बाजूला. बोक्याने आकड्यापाशी हात घातला, बोटं झाकणाचा दांडा आणि बाजूची पट्टी यांच्या फटीत गेली, रुसलेला आकडा सुटला, आणि दोन्ही स्प्रिंगा उघडल्या. कात्री मिटते तसं. आवाज झाला तोही मोठा नव्हता. बोका ओरडला नाही. म्हणाला, "अरे", आणि खाली बसला, आणि मग त्याला काही कळत नव्हतं. बोका दवाखान्यात शुद्धीवर आला तेव्हा ते शेवटचं मिनिट त्याच्या डोक्यातून पुसलं गेलं होतं. स्पर्धेच्या सुरक्षेच्या माणसाने कागदावर लिहिलं, खीळ न घालता हात घातला. कागद त्याच्यापुढे सरकवला, आणि साक्षीदार म्हणून त्याने सही केली. बोक्याने नंतर डाव्या हाताने केली, कावळ्याच्या पायासारखी. म्हणाला, "माझंच चुकलं यार. खीळ विसरलो." आणि तो म्हणाला, "जाऊ दे आता." जाऊ दे! मोठ्या मनाने माफ केल्यासारखं.

त्याहून वाईट काकू. बोक्याची आई. दवाखान्याच्या पायऱ्यांवर तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला होता आणि म्हणाली होती, "तू होतास म्हणून. तू शर्ट फाडून बांधलास म्हणून हात राहिला पोराचा. त्या धांदरटाला कुठे अक्कल आहे." त्याला वाटलं होतं तिला ढकलून द्यावं. खरंच वाटलं होतं. त्यानंतर तो आठवड्यातून एकदा जायचा, पाच मिनिटं बसायचा, कुणावर तरी चिडून उठायचा. डॉक्टरवर, पंख्यावर, उशिरा आलेल्या बसवर. काकू म्हणायची, "किती जीव लावतोस रे त्याला, चेहरा बघ कसा झालाय तुझा."

तो उतरला. जिना चढून दुसऱ्या मजल्यावर गेला. दार उघडंच होतं. काकू खिडकीपाशी मशीनवर कुणाची तरी पँट आखूड करत बसली होती. कपडे दुरुस्त करून द्यायची ती. बोका पलंगावर पाय सोडून बसला होता, उजवा हात उशीवर, एखाद्या दुसऱ्याच्या सामानासारखा ठेवलेला. काकूने उठून चहा दिला. "बस. दमलास." मशीन परत सुरू झालं.

बोका म्हणाला, "मिस्त्रीकडे गेलो होतो काल." मिस्त्री म्हणजे कारखान्याचा मालक.

"मग?"

"म्हटलं त्यांना, डाग मारता येतो. करून दाखवला. मधलं बोट वळत नाही, पण अंगठा आणि खालची दोन बोटं पुरतात. वेल्डिंगचा होल्डर धरता येतो. डाग थोडा जाड पडतो, पण पडतो."

"मग झालं तर."

"नाही म्हणाले. म्हणाले, हाताचं काही नाही रे, डोक्याचं आहे. जो आपल्याच यंत्रात खीळ न घालता हात घालतो त्याला मी गॅसच्या बाटल्यांजवळ कसा उभा करू? उद्या दहा माणसं घेऊन जाशील. गेटांना रंग मार म्हणाले, ब्रश घे. महिनाअखेरपर्यंत जमलं तर बघ, नाहीतर दुसरं शोध."

त्याने चहाचा घोट घेतला. तोंड पोळलं. बोका त्याच्याकडे बघत होता, आणि त्याला ते बघणं आवडलं नाही. त्यात संशय नव्हता म्हणून आवडलं नाही.

"तर काल रात्रभर मी विचार करतोय," बोका म्हणाला. "मी बावळट आहे. खीळ विसरलो असेन. मी काहीही विसरतो, आईला विचार. पण ठोक्याशिवाय मी हात घालत नाही रे. झोपेतसुद्धा नाही घालणार. मला आठवत काहीच नाही. तू होतास. तू ठोकलं होतंस का?"

मशीन चालू होतं. कर्रर्र, थांब, कर्रर्र.

"म्हणजे काय?" तो म्हणाला. "म्हणजे मी तोडलं तुझं बोट, असं म्हणायचंय का?"

"विचारतोय फक्त."

"विचारतोय काय! सहा आठवड्यांनी विचारतोय! मी शर्ट फाडून बांधला, मी उचलून नेलं, मी तिथे रात्र काढली, आणि आता तू मला कोर्टात उभं करतोयस? खीळ कुणी घालायची होती? बोल ना. ठरलं होतं ना? लाल रंग कुणी दिला होता तिला, मी?" त्याचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला असणार. मशीन थांबलं होतं. "आणि तू काय बोललास आठवतं का? जावईबापू! त्या पोरांसमोर! तुला कळतं का तेव्हा माझं काय झालं?"

"नाही आठवत," बोका शांतपणे म्हणाला. "म्हणून विचारतोय. नसशील ठोकलं तर नाही म्हण. मी ब्रश घेतो. माझं एवढंच आहे की मला कळलं पाहिजे. मी जर ठोक्याशिवाय हात घातला असेन तर मिस्त्री बरोबर आहेत. मग मीसुद्धा मला बाटल्यांजवळ उभा करणार नाही."

खोली एकदम लहान झाली. त्याने खरोखर नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. शब्द तयार होता, जिभेवर होता, एवढासा. आणि त्याला स्वच्छ दिसलं की हा शब्द बाहेर पडला की बोका तो घेईल, नीट घडी घालून ठेवील, आणि जन्मभर आपल्या हातांना भीत राहील. ज्या हातांनी त्या पत्र्यांना भोकं पाडली. आणि हा राग, जो त्याने सहा आठवडे डॉक्टरपासून बसपर्यंत सगळ्यांना वाटला होता, तो सगळा वळून त्याच्याच अंगावर आला. तो हिशोब न येणाऱ्या माणसाचा राग होता. काटा शून्यावर बघितला आणि तो बिनस्प्रिंगचं जुनं यंत्र समजून ठोकून मोकळा झाला. ज्या स्प्रिंगची तो गावभर मिरवणूक काढत होता ती त्याच्या स्वतःच्या डोक्यातून गेली होती. रुसली नव्हती ती. तोच विसरला होता.

"ठोकलं," तो म्हणाला.

बोका हलला नाही.

"दोनदा. हवा सोडली, काटा बघितला आणि ठोकलं. खीळ बघितली नाही. स्प्रिंग आहे हेच विसरलो. माझी स्प्रिंग, आणि मीच. तू ठोका ऐकूनच हात घातलास." मग त्याच दमात म्हणाला, "आणि कागदावर सही केली तेव्हा मला हे माहीत होतं."

बोक्याने डाव्या हाताने मारलं. सवय नसलेला हात, त्यामुळे थप्पड अर्धी कानावर आणि अर्धी मानेवर बसली, आणि चहा पँटवर सांडला. "सहा आठवडे," बोका म्हणाला. "सहा आठवडे रे! मी आईची माफी मागतोय. मिस्त्रींची माफी मागतोय. आरशात बघून स्वतःला शिव्या घालतोय. आणि तू इथे येऊन चहा पितोस." त्याचा आवाज चिरकला. "बोटाचं सोड. बोट गेलं चुलीत. माझं डोकं नेलंस तू."

काकू उठली. त्याला वाटलं आता तीही मारेल, आणि बरं वाटलं असतं. ती जवळ आली, त्याच्या हातातून कप काढून घेतला, अर्धा भरलेला, आणि मोरीत नेऊन ओतला. कप विसळला. पालथा घातला. परत मशीनपाशी जाऊन बसली, पण मशीन सुरू केलं नाही. एवढ्या वर्षांत या घरात त्याच्या हातातून कुणी काही काढून घेतलं नव्हतं.

मग बोक्याने नाक पुसलं आणि म्हणाला, "मिस्त्रींना सांगशील?"

"सांगेन."

"नुसतं सांगेन नाही. दहा माणसं असतात तिथे. सगळ्यांसमोर. स्प्रिंग विसरलो, असं. सही खोटी होती, असं. हसतील. तुला काय कळतं म्हणतील. तू चिडशील, पाना फेकशील आणि निघून येशील. मी तुला ओळखतो."

त्याला तेवढ्यातही राग आला. आला तो आला. त्याने तो तसाच तोंडात धरला.

"चिडेन," तो म्हणाला. "हसले तर नक्की चिडेन. पण उद्या नऊला मिस्त्री शटर वर करतील तेव्हा मी दारात असेन, आणि पूर्ण सांगितल्याशिवाय तिथून हलणार नाही. ते तुझ्या हातात होल्डर देईपर्यंत रोज येईन. शपथ घेत नाही, माझ्या शपथेला आता किंमत नाही. तू शेजारी उभा राहा. मी एक शब्द जरी गाळला, तर तू सगळ्यांसमोर सांग."